समारोपाचा मान

गोदासूर म्युझिक क्लबचं नवं पोस्टर ग्रुपवर पडलं तेव्हा प्रतिभा गांगुर्डे पतसंस्थेच्या काउंटरवर एका आजोबांना केवायसीचे कागद समजावत होती. मोबाईल थरथरला. तिनं टेबलाखाली धरून पाहिलं आणि आजोबांना सांगितलं, उद्या या, आज सर्व्हर डाउन आहे. सर्व्हर ठणठणीत होता. पण पोस्टर आल्यावर माणसाचं कामात लक्ष लागणार कसं?

पोस्टरवर लाल अक्षरांत 'आगामी लाइव्ह शो' असं लिहिलेलं. महिन्याला एक. एप्रिलमध्ये 'सुरमयी सांज', मेमध्ये 'सांज सुरांची' आणि जूनमध्ये, पाऊस वेळेवर येणार असं धरून, 'रिमझिम सुरांची सांज'. मधोमध क्लबचे अध्यक्ष रविराज पिंगळे हातात माइक घेऊन डोळे मिटून उभे. भोवती गोल गोल चौकटींत बाकीच्या गायकांची तोंडं, आधार कार्डावर असतात तशी. आता लाइव्ह म्हणजे काय, तर गाणारा माणूस खरा. तबला, ढोलक, व्हायोलिन सगळं लॅपटॉपातून येतं, आणि शब्दसुद्धा समोरच्या टीव्हीवर सरकत असतात. गाणाऱ्यानं फक्त वेळेवर तोंड उघडायचं. तेही पुष्कळांना जमत नाही, पण ते जाऊ द्या.

क्लब भरतो पाथर्डी फाट्याजवळ, टाइल्सच्या शोरूमच्या वरच्या हॉलमध्ये. जिन्याकडे जाताना दोन्ही बाजूंना कमोड आणि वॉश बेसिन मांडलेली असतात. त्यातून वाट काढत जरीच्या साड्या आणि चमचमती जॅकेटं वर जातात. रविराज पिंगळ्यांची सोलर हीटरची एजन्सी आहे, पण सगळे त्यांना सर म्हणतात. कशाचे सर, हे विचारायची सोय नाही. विचारणाऱ्याचं पुढच्या पोस्टरवर नाव राहत नाही.

एक गोष्ट मात्र क्लबात कुणी बोलून दाखवत नाही. या क्लबला प्रेक्षक नाही. गाणारेच ऐकणारे, आणि तेसुद्धा आपला नंबर येईपर्यंत. माणूस येतो, आपल्या गाण्याचे शब्द मोबाईलमध्ये बघत ओठ हलवत बसतो, बाकीच्यांचं गाणं संपायच्या आतच टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या म्हणजे उसनवारी असते, मघा तू मला, आता मी तुला. मग आपलं गाणं झालं, सन्मानचिन्ह हातात आलं, फोटो निघाला, की लाजेकाजेस्तव आणखी एक गाणं बसायचं. आणि मग अचानक मोबाईलकडे असं बघायचं की जणू घरात कुणाला तरी दवाखान्यात नेलंय, आणि वाकून वाकून हॉलबाहेर पडायचं. म्हणून सुरुवातीला खुर्च्या कमी पडतात आणि शेवटाला नुसत्या खुर्च्याच उरतात.

प्रतिभानं पोस्टर बोटांनी मोठं केलं. एप्रिलच्या यादीत अगदी तळाशी, वेगळ्या रंगात होतं: 'समारोप – प्रतिभा गांगुर्डे'.

समारोप! शब्द वाचूनच तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं आईला फोन लावला.

आई म्हणजे कुसाबाई. दिंडोरीच्या पलीकडे एका खेड्यात एकटी राहते. द्राक्षाच्या बागांत थिनिंग करून, घडांतले जास्तीचे मणी खुडून खुडून बोटं वाकडी झाली, पण कान शाबूत. गावात जयंतीला गायन पार्टी येते तेव्हा कुसाबाई पहिल्या रांगेत बसते आणि शेवटचं गाणं होईपर्यंत उठत नाही. पार्टीत नवखी पोरं आधी गातात आणि खरा गायक शेवटाला उभा राहतो, हे तिनं आयुष्यभर पाहिलेलं. लेकीला शेवटी ठेवलंय म्हटल्यावर तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. ती येते म्हणाली, ऐकायलाच येते म्हणाली, आणि फोन ठेवून सगळ्या गल्लीला सांगत सुटली. क्लबात तीन वर्षं झाली तरी आईनं प्रतिभाला स्टेजवर पाहिलेलं नव्हतं. लहानपणी भाकरी थापता थापता आईनंच तिच्याकडून गाणी म्हणवून घेतली होती. म्हणजे बाकी कुणी ऐको न ऐको, आईनं ऐकायला हवं होतं, आणि आईनं भरल्या हॉलमध्ये ऐकायला हवं होतं.

भरल्या हॉलमध्ये. इथं प्रतिभाचं घोडं अडलं.

तिला फेब्रुवारीचा शो आठवला. आपलं गाणं आटपून, फोटो काढून ती खाली उतरली होती आणि पाण्याची बाटली वर राहिली म्हणून परत गेली होती. हॉलमध्ये दिवे अर्धे विझलेले. साउंडवाला सनी वायरी गुंडाळत होता, त्याला पुढे कुठंतरी हळदीला जायचं होतं. आणि स्टेजवर गोटीराम भालेराव गात होते. नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले, साधे, इस्त्रीच्या शर्टातले गोटीरामभाऊ. दर महिन्याला समारोप त्यांचाच. समोर खुर्च्या आणि खुर्च्यांवर कुणीही नाही. दारातून प्रतिभा आत आली तसा त्या माणसाचा चेहरा एकदम उजळला आणि आवाज चढला. प्रतिभानं वाकून खुर्चीखालची बाटली काढली, त्यांच्याकडे बघून हसली आणि चालती झाली. मागं गाणं चालूच होतं.

तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. आता वाटायला लागलं, आणि तेही स्वतःबद्दल.

आपल्यावर ही वेळ का आली हेही तिला हळूहळू उमगलं. मार्चमध्ये रविराज सरांनी स्वतःच्या गाण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला होता. सगळ्यांनी हात जोडले, फुलं टाकली, कुणी तर "शब्द अपुरे" असं लिहून वर पुष्कळ शब्द लिहिले. प्रतिभाची मार्चअखेर चालू होती. तिनं नुसतं पाहिलं, आणि पाहिल्याच्या निळ्या खुणा सरांना दिसल्या. सर तोंडानं कधी रागवत नाहीत. ते मान देतात.

तिनं संध्याकाळी सरांना फोन केला. आधी उशीर झाल्याबद्दल माफी मागून त्या व्हिडिओचं कौतुक केलं. किती केलं म्हणाल तर स्वतःच्या नवऱ्याचं तिनं लग्नात उखाण्यातसुद्धा एवढं केलं नसेल. सर विरघळले, पण जागचे हलले नाहीत. समारोप म्हणजे देवळाचा कळस असतो मॅडम, कळस काय कुणालाही चढवतात का, असं त्यांचं म्हणणं. मग तिनं ठेवणीतलं काढलं. आई गावाहून येतेय, म्हातारी आहे, दिंडोरीची शेवटची एसटी तिला गाठायचीय, शेवटपर्यंत थांबली तर स्टँडवर राहायची वेळ येईल. खोटं बोलताना तिचा सूर कधी ढळत नाही.

सर हळहळले. म्हणाले, चौथा नंबर देता येईल, हॉल तेव्हा गच्च असतो, पण या वेळी तो गोटीरामभाऊंना दिलाय. दोन वर्षांत पहिल्यांदा. तुम्हीच त्यांच्याशी बोलून घ्या.

इथं एखादी थांबली असती. प्रतिभा थांबली नाही. तिनं त्यांना लगेच फोन लावला, नाहीतर नंतर धीर झाला नसता. एसटीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना तर ती आणखी रंगली, त्यात आईच्या गुडघ्यांची भर पडली. पलीकडे गोटीरामभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घ्या मॅडम तुम्ही चौथा. मला काय, सवय आहे. आईंना बरं वाटू दे."

नवं पोस्टर आलं. आईला कळवलं तर ती खट्टू झाली. चौथ्या नंबरावर का आणलं गं तुला, गाणं बिघडलं का काय, असं विचारायला लागली. प्रतिभानं सांगितलं की शहरात असंच असतं, चांगले गायक आधी असतात. कुसाबाईला ते पटलं नाही. मग शेवटी कोण हाय, तिनं विचारलं. गोटीराम भालेराव म्हणून आहेत, असं कळल्यावर ती म्हणाली, त्यो मोठा गायक असंल मग.

एप्रिलचा शेवटचा रविवार उजाडला. कुसाबाई शेवटच्या तोडीची द्राक्षं आणि कपड्यांची भलीमोठी पिशवी घेऊन आदल्या दिवशीच दाखल झाली होती. संध्याकाळी इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून ती लेकीबरोबर शोरूमच्या दारात आली. कमोडच्या रांगेपुढं थबकून तिनं विचारलं, हितं गाणं हाय का संडास बांधायचे हायेत? प्रतिभानं तिला दंडाला धरून जिना चढवला.

हॉल खचाखच. अत्तराचा वास, जॅकेटांची चमचम. कुसाबाईला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी ब्युटी पार्लरवाल्या तेजल मॅडम होत्या, त्या मोबाईलमध्ये तोंड घालून स्वतःच्या गाण्याचे शब्द पुटपुटत होत्या. कुसाबाईला वाटलं बाई जप करतेय. तिनं आदरानं जरा सरकून जागा दिली. मागं नजर टाकली तर अर्धा हॉल जप करत होता.

पहिलं गाणं रविराज सरांचं. तिसरंही त्यांचंच, कारण आग्रह झाला. आग्रह सरांच्या मेव्हण्यानं केला. सर गाताना डोळे मिटायचे आणि मग टीव्हीवरचे शब्द पुढं निघून गेलेले असायचे, तेव्हा ते हात वर करून प्रेक्षकांना म्हणायला लावायचे. प्रेक्षक आपापली गाणी पुटपुटण्यात गुंतलेले. मधल्या ओळी कुणीच म्हटल्या नाहीत, नुसता ढोलक वाजत राहिला.

मग प्रतिभा. तिचं गाणं जुनं, विरहाचं. ती चांगलं गाते, हे मान्य केलं पाहिजे. आवाज स्वच्छ, सूर जागेवर. दुसऱ्या कडव्यात वरच्या जागेला तिचा श्वास जरा तुटला, पण तिनं सावरलं. नजर मात्र टीव्हीवरच्या शब्दांवर खिळलेली. आई कुठं बघतेय, हॉल काय करतोय, काही दिसलं नाही. शेवटची ओळ अजून तोंडात होती तोवर टाळ्या सुरू झाल्या. भरघोस, दणदणीत टाळ्या. प्रतिभाचे डोळे भरून आले. मेहनत फळाला आली, म्हणजे फोन करण्याची.

सरांनी तिला सन्मानचिन्ह दिलं, फोटो झाला, आणि सरांना मोठेपणाची हुक्की आली. माइकवर म्हणाले, प्रतिभा मॅडमच्या मातोश्री खास दिंडोरीहून आल्यात आणि त्यांना शेवटची एसटी गाठायचीय, त्यामुळे त्या आपला निरोप घेताहेत, एकदा जोरदार टाळ्या. पुन्हा टाळ्या. प्रतिभानं पर्स उचलली आणि आईच्या दंडाला हात घातला.

कुसाबाई हलली नाही. तिचा आवाज बागेच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारून तयार झालेला. त्याला माइक लागत नाही.

"मला कुडं जायचंय? मी तं आठ दिस राह्यला आले. कापडं आणलीत की."

हॉल शांत झाला. मोबाईलमधली तोंडंसुद्धा वर आली. एवढं लक्ष देऊन या हॉलनं आजवर कुणाचंही काही ऐकलेलं नव्हतं. प्रतिभानं दबक्या आवाजात, चल आई, घरी सांगते, असं म्हणून पाहिलं. आई म्हणाली, अजून मोठा गायक व्हायचाय. शेवटच्या रांगेत गोटीरामभाऊ नवं जॅकेट घालून बसले होते. प्रतिभानं तिकडं पाहिलं नाही. पाहण्याची छाती झाली नाही.

रविराज सर कच्च्या गुरूचे चेले नव्हते. हसून माइकवर म्हणाले की हे तर आपलं भाग्य, म्हणजे आज मॅडम समारोपापर्यंत बसणार. बसावंच लागलं. पर्स मांडीवर, सन्मानचिन्ह पर्सवर, आणि तोंड असं की कुणी बळजबरीनं कारल्याचा रस पाजलाय.

त्यानंतर तिनं क्लबात कधी न पाहिलेला कार्यक्रम पाहिला, तो म्हणजे पांगापांग. तेजल मॅडम गाऊन, फोटो काढून, दवाखान्याचा चेहरा करून गेल्या. मग एक डॉक्टर गेले, त्यांना तो चेहरा करायचीही गरज नव्हती. दोघं एकत्र गाऊन एकत्र गेले. सरांच्या मेव्हण्यानं आग्रह करणं थांबवलं आणि तोही गेला. कुसाबाई प्रत्येक जाणाऱ्याकडे मान वळवून बघत होती. शेवटी रविराज सरांनी घरी पाहुणे आल्याचं सांगून माइक सनीच्या हातात दिला आणि जाताना प्रतिभाला म्हणाले, "समारोप एन्जॉय करा, मॅडम."

गोटीरामभाऊ स्टेजवर आले. जॅकेटची बटणं लावली, सोडली, पुन्हा लावली. सनीनं ट्रॅक चालू केला. समोर दोन बायका बसलेल्या पाहून ते क्षणभर गोंधळले आणि सुरुवातीचा ठेकाच चुकला.

कुसाबाई पुढं सरसावून, हनुवटी हातावर टेकवून ऐकायला लागली. प्रतिभाही ऐकणार होती, देवाशपथ ऐकणार होती. पण मोबाईल थरथरला. ग्रुपवर तिच्या गाण्याचा व्हिडिओ आला होता. तिनं आवाज बंद केला, मोबाईल पर्सच्या आड धरला आणि स्वतःला गाताना बघत बसली. साडी बरी दिसत होती. खाली कुणीतरी हात जोडले होते, मग फुलं आली. कुणी "शब्द अपुरे" लिहिलं. तिनं सगळ्यांना एकेक करून आभार टाकले. मग व्हिडिओ पुन्हा लावला. वरती गाणं चाललं होतं ते चाललं होतं.

टाळ्यांनी ती भानावर आली. एकटी कुसाबाई टाळ्या वाजवत होती, गाणं पूर्ण संपल्यावर, निवांत. प्रतिभानं घाईघाईनं त्यात आपल्या टाळ्या मिसळल्या.

खाली शोरूमचं शटर अर्धं उतरलेलं. गोटीरामभाऊ स्वतःचं सन्मानचिन्ह स्वतःच पिशवीत घालून मागोमाग उतरले. एसटीचा विषय त्यांनी काढला नाही. कुसाबाईला नमस्कार केला आणि मग प्रतिभाकडे वळून, अवघडत, शाळकरी पोरानं निकाल विचारावा तसं विचारलं, "मॅडम, आज थांबलात म्हणून विचारतो. माझं कसं झालं?"

"फार सुंदर," प्रतिभा म्हणाली. तोंडाला वळण पडलेलं होतं. "अप्रतिम. शेवटचा आलाप तर काय सांगू."

"आलाप व्हता कुडं?" कुसाबाई म्हणाली. "ही खोटं बोलतीया भाऊ. हिनं ऐकलंच नाय. मोबाईलात सोताचंच बघत व्हती. म्या ऐकलं."

प्रतिभाला वाटलं समोरच्या बाथटबमध्ये जाऊन झोपावं आणि वरून कुणीतरी नळ सोडावा. गोटीरामभाऊंना मात्र तिच्याकडे बघायलाही सवड नव्हती. ते कुसाबाईच्या जवळ सरकले. मग तुम्ही सांगा मावशी, म्हणाले.

"नाय जमलं," कुसाबाईनं सांगून टाकलं. "पयल्यापासून घाई. कुणी उठून जातंय का काय अशी घाई. आवाज चांगला हाय, पर तुमी भिऊन गाता."

आता हा माणूस दुखावेल, असं कुणालाही वाटलं असतं. पण गोटीरामभाऊंचं तोंड असं फुललं की विचारू नका. दोन वर्षांत त्यांच्या गाण्यावर कुणी पहिल्यांदा काहीतरी बोललं होतं. घाई होतेच मावशी, ते म्हणाले, समोर माणसं उठायला लागली की छातीत धडधडतं. मग त्यांनी तिथंच, कमोडच्या रांगेत उभं राहून, हळू आवाजात पहिली ओळ पुन्हा म्हटली. कुसाबाईनं मान हलवली. आणखी निवांत, म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हटली. या वेळी ती खरंच बरी झाली. कुसाबाईनं मांडीवर थाप मारून दाद दिली, आणि गोटीरामभाऊ हसत हसत शटरखालून वाकून गेले.

प्रतिभा सन्मानचिन्ह हातात धरून उभी होती. तिनं किती तरी वेळ वाट पाहिली. आई पायातली चप्पल नीट करत होती, पिशवीतली पाण्याची बाटली चाचपत होती, बाकी सगळं करत होती.

"आई," शेवटी प्रतिभाच म्हणाली. "आणि माझं? माझं कसं झालं?"

कुसाबाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, पण लाडानंही नाही.

"तुला भरल्या हॉलात टाळ्या पायजे व्हत्या ना? त्या पडल्या की," ती म्हणाली. "चल आता. पाय दुखायले."

रिक्षा मिळेपर्यंत दोघी फाट्यावर उभ्या राहिल्या. प्रतिभाच्या पर्समध्ये मोबाईल एकसारखा थरथरत होता. ग्रुपवर अजून फुलं येत होती.